दुसरी बॅटरी जोडण्याआधी: ई-स्कूटरचे दोन लिथियम पॅक एकत्र कसे जोडायचे

"दादा, पार्सलची गाडी आहे. दुपारी तीनलाच बॅटरी बसते. अजून एक पॅक टाकून द्या, दोन वायरी तर जोडायच्यात."

आठवड्यातून एकदा तरी हे ऐकायला मिळतं. वायरी दोनच असतात हे खरं आहे. पण ४८ व्होल्ट, २० एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) च्या एका पॅकमध्ये जवळजवळ एक युनिट वीज साठलेली असते आणि तिला घरच्या मीटरसारखा मेन स्विच नसतो. सेल रिकामा दिसला तरी जिवंतच असतो. म्हणून हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितोय.

हा लेख कमी वेगाच्या ४८ व्होल्ट स्कूटरबद्दल आहे, म्हणजे २५ किलोमीटरच्या आत वेग आणि २५० वॅटच्या आतली मोटर असलेल्या, नंबरप्लेट नसलेल्या गाड्या. गाडी आरटीओकडे नोंदलेली असेल तर हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही. शिवाय वॉरंटी जाते आणि उद्या काही झालं तर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटर पेटण्याच्या घटना लागोपाठ घडल्या, पुण्यात लोहगावातही एक पेटली. त्यानंतर एआयएस-१५६ ही बॅटरीची मानकं कडक झाली. कंपनीचा पॅक त्या चाचण्यांतून गेलेला असतो, आपण बाजूला जोडलेला दुसरा पॅक गेलेला नसतो.

आधी पॅकची कुंडली मांडा

लेबलवर "४८ व्होल्ट" लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. बाजारात याच नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात (एनएमसी आणि एलएफपी ही लिथियम सेलची दोन रसायनं, सिरीज म्हणजे एकापुढे एक जोडलेले):

- १३ सेल सिरीजमध्ये, एनएमसी: पूर्ण चार्ज ५४.६ व्होल्ट
- १४ सेल, एनएमसी: ५८.८ व्होल्ट
- १५ सेल, एलएफपी: ५४.७५ व्होल्ट
- १६ सेल, एलएफपी: ५८.४ व्होल्ट

एनएमसीचा सेल ४.२ व्होल्टला भरतो, एलएफपीचा ३.६५ ला. बाकी सगळा गुणाकार. पहिली आणि तिसरी ओळ पुन्हा बघा. पूर्ण चार्जवर फरक फक्त ०.१५ व्होल्टचा. मीटर लावला तर दोघं जुळे भाऊ वाटतील. पण गाडी निघाली की एलएफपी सेल लगेच ३.३ च्या आसपास येऊन बसतो आणि बराच वेळ तिथेच राहतो, एनएमसी मात्र सावकाश उतरत जातो. म्हणजे १५ सेलचा एलएफपी थोड्याच वेळात ४९-५० व्होल्टवर आलेला असतो, तेव्हा एनएमसी अजून ५३ वर असतो. मग मोठा भाऊ धाकट्याला चालता चालता चार्ज करत बसतो. रसायन वेगळं असेल तर समांतर जोडणी (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह) नाही, यावर वाद नको. 'एस' चा आकडा, म्हणजे सिरीजमधल्या सेलची संख्या, वेगळा असेल तरीही नाही.

एएच मात्र कमी-जास्त चालतं. २० एएच आणि ३० एएच एकमेकांना समांतर जोडले तर मोठा जास्त प्रवाह देतो, छोटा कमी देतो.

'एस' चा आकडा कसा ओळखायचा? चार्जरवर छापलेला आउटपुट व्होल्टेज बघा. चार्जर मूळचाच असेल तर तो खोटं बोलत नाही. पण आधी लेड-अ‍ॅसिडवर चालणारी आणि नंतर लिथियमवर आणलेली गाडी असेल, तर घरात जुना चार्जर पडलेला असण्याची दाट शक्यता. चार बॅटऱ्यांचा लेड-अ‍ॅसिड चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत जातो. तो १३ सेलच्या एनएमसीला लावला तर एका सेलवर साडेचार व्होल्ट येतात, आणि मध्ये उभा असतो तो एकटा बीएमएस, म्हणजे पॅकमधलं संरक्षणाचं सर्किट. असा चार्जर घराबाहेर काढा, भंगारात द्या. "असू दे, कधी लागला तर" म्हणून ठेवू नका. कधीतरी लागतोच, आणि तोही घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या हातून.

दुसरी गोष्ट बीएमएसची. प्रत्येक पॅकचा बीएमएस एकट्याने पूर्ण कंट्रोलरचा (मोटरला वीज देणाऱ्या डब्याचा) भार उचलेल इतका हवा. कंट्रोलर २० अँपिअर ओढत असेल तर दोन्हीकडे १५-१५ चे बीएमएस "मिळून तीस" होत नाहीत. एक कट झाला की सगळा भार दुसऱ्यावर येतो, तोही कट होतो आणि गाडी भर चौकात बंद पडते. प्रत्येकी ३० चा ठेवा.

सिरीजबद्दल दोनच वाक्यं. दोन तयार पॅक एकापुढे एक जोडून व्होल्टेज वाढवायच्या फंदात पडू नका: एक बीएमएस कट झाला की त्याच्या मॉसफेटवर (वीज तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) दोन्ही पॅकचं मिळून १०९ व्होल्ट येतं, आणि ते एवढं सोसायला बनवलेले असतीलच असं नाही. मॉसफेट जळाला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जळतो, म्हणजे संरक्षण कायमचं गेलं.

ठिणगीला घाबरता, पण घाबरायचं दुसऱ्याच गोष्टीला

नवीन माणूस ठिणगीला घाबरतो. पॅकचा कनेक्टर कंट्रोलरला लावताना 'टक्क' होतं, निळा प्रकाश दिसतो, पिन काळी पडते. ती कंट्रोलरमधल्या रिकाम्या कपॅसिटरची भूक. क्षणात भागते. पिन खराब होते, बाकी फार काही नाही.

दोन पॅक एकमेकांना जोडताना मात्र ठिणगी बेताचीच पडते. मी सुरुवातीला एकदा चार्जरवरून उतरवलेला ५४.४ व्होल्टचा पॅक दिवसभर फिरून आलेल्या ४७.९ च्या पॅकला थेट जोडला. बारीक 'टिक' ऐकू आली. म्हटलं, झालं काम. चहा घेऊन आलो तर वायर हाताला चटका देत होती आणि ४७.९ च्या पॅकचं आवरण कोमट झालं होतं.

गणित साधं आहे. फरक ६.५ व्होल्ट. अशा दोन पॅकचा आतला रोध, बीएमएस, वायर, कनेक्टर मिळून ०.१८ ओहम धरा. ६.५ भागिले ०.१८ म्हणजे ३६ अँपिअर. ज्या पॅकला चार्जर ५ अँपिअर देतो, त्याच्यात सातपट प्रवाह आवाज न करता घुसत होता. आणि जिथे डिस्चार्ज आणि चार्ज यांचे पोर्ट वेगळे असतात, तिथे डिस्चार्जच्या वायरीतून आत शिरणाऱ्या या प्रवाहावर बीएमएसच्या चार्ज संरक्षणाची नजरच नसते. पॅक जितका मोठा आणि चांगला, तितका रोध कमी आणि प्रवाह जास्त. चांगल्या पॅकच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं, हे जरा उलटं वाटतं, पण तसंच आहे.

म्हणून नियम असा: जोडण्याच्या क्षणी दोन पॅकमधला फरक ०.१ व्होल्टच्या आत हवा.

गच्चीवरच्या दोन टाक्यांचं उदाहरण सगळे देतात, पातळी सारखी असेल तर मधला पाईप उघडला तरी पाणी धावत नाही. एनएमसीला ते बरोबर लागू पडतं. एलएफपीला नाही. एलएफपी ३० टक्क्यांवर असो की ७० टक्क्यांवर, पातळी जवळपास सारखीच दिसते. तेव्हा एलएफपी पॅक जोडायचे तर दोन्ही पूर्ण चार्ज करूनच जोडा. मधल्या अवस्थेतला मीटरचा आकडा तिथे काही सांगत नाही.

दोन मार्ग, आणि माझा आवडता

पार्सलवाल्या पोरांना मी बहुतेक वेळा समांतर जोडणी करूनच देत नाही. चेंज-ओव्हर स्विच बसवतो, १-०-२ असा, मध्ये बंद. पहिला पॅक संपला, गाडी कडेला घेतली, चावी बंद केली, स्विच फिरवला, दुसरा पॅक सुरू. दोन पॅक कधीच एकमेकांना भेटत नाहीत, त्यामुळे वरचं सगळं पुराण गैरलागू होतं. स्विच डीसीचा हवा (बॅटरीची वीज डीसी असते), कंट्रोलरच्या प्रवाहाच्या दीडपट क्षमतेचा. घरातला एसीचा स्विच किंवा एमसीबी चालत नाही. एसीत वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तुटताना पडलेली ज्वाला आपोआप विझते. डीसीत ती शून्यावर येतच नाही, संपर्क तुटला तरी ज्वाला धरून राहते.

नवीन असाल तर इथेच थांबा. स्विचची जोडणी करा आणि खुशाल गाडी चालवा.

समांतरच हवी असेल तर मधला धोका समजून घ्या. जोडताना व्होल्टेज जुळवलं म्हणून कायमचं जुळलं असं नाही. समजा चढावर एका पॅकचा बीएमएस गरम होऊन कट झाला. चालवणाऱ्याला कळत नाही, दुसरा पॅक ओढतोय. दहा किलोमीटरनंतर दुसरा ४८ वर आलाय आणि पहिला ५२ वर थंड होऊन पुन्हा जागा झाला. आता चार व्होल्टचा फरक, आणि तुम्ही हजर नसताना झालेली जोडणी. यावर इलाज म्हणजे प्रत्येक पॅकच्या वाटेत आयडियल डायोडचं मॉड्युल. प्रवाह पॅकमधून बाहेर जातो, आत येत नाही. साधा डायोड टाकू नका. त्यात अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे २० अँपिअरला १० वॅटची शेगडी डिकीत. मॉसफेटवालं मॉड्युल थंड राहतं. एक अट आहे: गाडीला ब्रेक मारताना वीज परत बॅटरीत भरणारी सोय असेल तर ती कंट्रोलरमधून बंद करा. डायोड वाट अडवतो, वीज कंट्रोलरमध्येच कोंडते आणि त्याचं व्होल्टेज चढतं.

हारनेस आधी, पॅक शेवटी

सगळी वायरिंग, म्हणजे हारनेस, पॅकला न लावता टेबलावर तयार करा. हा एकच नियम पाळला तरी निम्मे अपघात टळतात.

२० अँपिअरच्या कंट्रोलरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, मी ६ ची सिलिकॉन वायर वापरतो. दोन्ही पॅकपासून सांध्यापर्यंतच्या वायरी सारख्या लांबीच्या ठेवा. एक हातभर आणि दुसरी वीतभर असेल तर वीतभरवाला पॅक जास्त राबतो.

प्रत्येक पॅकच्या पॉझिटिव्हला स्वतंत्र फ्यूज, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. दोघांत मिळून एक फ्यूज नव्हे. एका पॅकची वायर चेसिसखाली घासून शॉर्ट झाली तर दुसरा पॅक आपली सगळी वीज तिच्यात ओततो, त्याला अडवायला त्याच्याच वाटेत फ्यूज हवा. आकडा ३० किंवा ३२ अँपिअर. आणि आता बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट: कार-बाइकच्या दुकानात मिळणारा रंगीत ब्लेड फ्यूज बहुधा ३२ व्होल्टचा असतो. ५४ व्होल्टला तो वितळेल, पण आत ज्वाला चालू राहू शकते. ५८ किंवा ८० व्होल्टचा मागा. नाही मिळाला तर सोलरचं सामान विकणाऱ्याकडे जा. छपरावरच्या पॅनेलसाठी वापरतात तो डीसी फ्यूज आणि त्याचा होल्डर तिथे सहज मिळतो.

थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) क्रिम्पिंग मशीननेच दाबा. पकडीने चेपून वर डिंक लावल्यासारखं सोल्डर ओतू नका. सांध्याचा रोध जेमतेम ०.०२ ओहम राहिला तरी २० अँपिअरला तिथे ८ वॅट उष्णता तयार होते, करंगळीच्या पेराएवढ्या जागेत. प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वास येतो. क्रिम्प केल्यावर वायर जोरात ओढून बघा. सुटली तर आत्ता सुटू दे.

निगेटिव्हला एक बारीक मेख आहे. बहुतेक बीएमएस निगेटिव्ह बाजूने तोडतात. म्हणून पॅकच्या बाहेर आलेल्या निगेटिव्ह वायरीच एकत्र करायच्या. पॅक उघडून सेलची निगेटिव्ह थेट काढली तर बीएमएसला वळसा पडला, तो असून नसल्यासारखा. पॅक उघडायचं खरं तर कारणच नाही.

जोडणीचा दिवस

हातातली अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. साधा १० नंबरचा पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तो वेल्डिंग रॉडसारखा चिकटतो. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, फक्त तोंड उघडं ठेवा. डोळ्यांना चष्मा. काम अंगणात किंवा शेडच्या दाराशी करा, जिन्याखाली नको.

१. दोन्ही पॅक आपापल्या चार्जरने पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, तासभर विसावू द्या. चार्जिंगनंतर व्होल्टेज थोडं खाली बसतं, त्या आधीचं माप फसवं असतं.

२. दोन्हींचं व्होल्टेज एकाच मल्टिमीटरने मोजा. दोन मीटर वापरले तर पॅकऐवजी मीटरमधला फरक मोजाल.

३. पोलॅरिटी (पॉझिटिव्ह कोणती, निगेटिव्ह कोणती) मीटरने तपासा, रंगावर जाऊ नका. लाल वायर संपली म्हणून काळीच दोन्हीकडे लावणारे कारागीर मी पाहिलेत.

४. हारनेसवर मीटर बीपवर ठेवून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आपसात लागलेले नाहीत ना ते बघा. कंट्रोलर अजून जोडू नका.

५. दोन्ही निगेटिव्ह जोडा. मग दोन पॉझिटिव्हच्या मध्ये थेट वायर न लावता बाइकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा जुना फिलामेंट बल्ब लावा. एलईडी नको. पेटला नाही तर उत्तम. मंद पेटला तर फरक आहे, तसाच ठेवा, सावकाश समान होऊ द्या. झपकन उडाला तर पोलॅरिटी उलटी आहे, आणि एका बल्बवर सुटलात.

६. बल्बच्या दोन टोकांमध्ये मीटर लावा. ०.१ व्होल्टच्या खाली आलं की बल्ब काढून पक्की जोडणी करा. आयडियल डायोड बसवत असाल तरी ही कसोटी घ्याच, मग मॉड्युल आपल्या जागी लावा.

७. शेवटी कंट्रोलर. एक्सटी-९० कनेक्टरचा ठिणगीरोधक प्रकार मिळतो, त्याच्या आत छोटा रेझिस्टर असतो. तो नसेल तर १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर पाच सेकंद पॉझिटिव्हला टेकवून मग कनेक्टर लावा. कपॅसिटर हळू भरतो, टक्क होत नाही.

एका वेळी एकच उघडी वायर हातात. दुसरीचं टोक टेपमध्ये.

पहिली फेरी

लांब जाऊ नका. दहा मिनिटं घराभोवती फिरा, त्यात एक चढ असू दे. थांबलात की प्रत्येक सांध्याला बोट लावा. कोमट चालेल, चटका नको. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर कुणाला तरी गाडी चालवायला लावून, किंवा मागचं चाक स्टँडवर ठेवून ब्रेकचा हलका भार देऊन, दोन्ही वायरींतला प्रवाह बघा. सगळे क्लॅम्प मीटर डीसी मोजत नाहीत, विकत घेताना विचारा. १२ आणि ८ असा वाटा आला तर ठीक. १६ आणि ४ आला तर एकतर कुठला सांधा ढिला आहे किंवा एक पॅक म्हातारा आहे. आधी सांधे बघा.

चार्जिंग मात्र वेगवेगळंच करा, दोन पॅक एकमेकांपासून सोडवून, आपापल्या चार्जरने. रोजचा व्याप वाटत असेल तर पुन्हा सांगतो, चेंज-ओव्हर स्विच. सोडवलेले पॅक परत जोडताना बल्बची कसोटी दरवेळी, "कालच केली होती" चालत नाही.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी केलेली गाडी आल्या आल्या चार्जला लावू नका. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि तिथे हवाच तेवढी तापलेली असते. तास-दोन तास सावलीत राहू द्या, किंवा पहाटे लावा. कोकणात त्रास उलटा. पावसाळ्यात कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. सप्टेंबरमध्ये एकदा सगळे कनेक्टर सोडवून पुसून घ्या. पुराच्या पाण्यात बुडालेला पॅक वाळवून वापरायचा नाही. वरून कोरडा दिसला तरी आत बीएमएसच्या पट्ट्यांवर काय बसलंय ते दिसत नाही.

चार्जिंगची जागा ठरवताना एवढंच बघा की पॅक पेटला तर तुमची बाहेर पडायची वाट तो अडवेल का. दाराच्या आत आणि जिन्याच्या तोंडाशी चार्ज करणं याच कारणासाठी वाईट. पॅक फुगलेला दिसला, गोडसर-रसायनाचा वास आला किंवा फुस्स आवाज आला तर चार्जर हाताने काढायला जाऊ नका. भिंतीवरचा मेन बंद करता आला तर करा, नाहीतर तेही सोडा. माणसं बाहेर काढा, १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि सांगा की लिथियम बॅटरी आहे. धूर विषारी असतो. पावडरचा सिलिंडर ज्वाला दाबतो, पण सेल थंड करत नाही, त्यामुळे विझलेला पॅक दहा मिनिटांनी पुन्हा पेटू शकतो. त्याला भरपूर पाणी लागतं, तेही लांबून, आणि ते काम अग्निशमनवाल्यांचं.

पॅकवर मार्करने लिहून ठेवा: किती 'एस', कोणतं रसायन, पूर्ण चार्जचा आकडा, जोडल्याची तारीख. चार्जरवरही तोच आकडा. महिन्यातून एकदा, दोन्ही पूर्ण चार्ज करून तासभराने व्होल्टेज मोजा आणि त्याच्याच खाली लिहा. दोघांत ०.५ व्होल्टच्या वर फरक सलग दोन महिने दिसला तर कमी व्होल्टेजचा पॅक बाजूला काढा आणि एकटाच वापरून बघा.